सोडून दिलेली गाडी किती वेळात थांबते?

तीन रविवार झाले, इथे काही लिहिलं नाही. दरवेळचं कारण आळस असतं. यावेळी मात्र चक्क काम होतं. लागोपाठ तीन रविवार पहाटे साडेपाचला उठून मी प्रताप नगरातून गाडी काढली, मिहानकडे गेलो आणि तिथल्या एका रिकाम्या, सरळ रस्त्यावर ती न्यूट्रलमध्ये टाकून सोडून दिली. इकडून तिकडे, मग तिकडून इकडे. डिसेंबरातली थंडी, शेजारी फोन धरून बसलेला अर्धवट झोपेतला मित्र, आणि माझ्या मांडीवर वही.

पहिल्या रविवारी आईला वाटलं की पोरगा पळायला जायला लागला. दुसऱ्या रविवारी तिने बाबांना विचारलं, "काय करून राहिला हो हा?" बाबांनी पेपरातून मान वर न काढता सांगितलं, "माझ्या गाडीचं पेट्रोल जाळून राहिला."

आरोप शंभर टक्के खरा होता. पण भानगडीची सुरुवात बाबांनीच केली होती.

तर झालं असं की बाबांनी रिटायरमेंटच्या पैशातून एक छोटी हॅचबॅक घेतली. शोरूममधल्या पोराने सांगितलं होतं, "काका, एकवीसचा अ‍ॅव्हरेज आहे, एआरएआयचा आकडा आहे." बाबा आयुष्यभर पेट्रोलची डायरी ठेवत आलेत. स्कूटर होती तेव्हापासून. तारीख, किलोमीटर, लिटर, रुपये. त्या डायरीत नवीन गाडी पंधराच्या वर जाईना. एका रात्री जेवताना म्हणाले, "फसवलं बेटा त्यांनी." मी मेकॅनिकलचा इंजिनीअर. म्हणजे डिग्री मेकॅनिकलची, आणि पोट आयटी पार्कात बसून जावा लिहून भरतो, पण डिग्रीचा अभिमान अशा वेळी जागा होतोच. मी म्हटलं, "बाबा, तो आकडा खोटा नसतो. प्रमाणित चाचणी असते." बाबा म्हणाले, "मग काय माझी डायरी खोटी आहे?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आणि खरं सांगायचं तर मला राग आला होता. कारण तो आकडा नेमका कसा निघतो हे मलाही नीट ठाऊक नव्हतं. चार वर्षं शिकून, मार्कशीट घेऊन, मी फक्त "प्रमाणित" या शब्दामागे लपत होतो.

म्हणून शोधायला बसलो. आणि जे सापडलं त्यावर माझं एक मत झालंय. ते सांगण्यासाठी हा लेख.

आधी थोडी पार्श्वभूमी. मायलेजची अधिकृत चाचणी रस्त्यावर होत नाही, हे बहुतेकांना माहीत असतं. गाडी एका बंद खोलीत मोठ्या रोलरवर चढवतात. चाकं फिरतात, गाडी जागेवरच. ड्रायव्हर पडद्यावरच्या रेघेप्रमाणे वेग वाढवतो, कमी करतो. आपल्याकडे यासाठी जे ड्रायव्हिंग सायकल वापरत आले, त्याचं नाव मॉडिफाइड इंडियन ड्रायव्हिंग सायकल. एकूण ११८० सेकंद, म्हणजे वीस मिनिटांना थोडं कमी. कमाल वेग ९० किलोमीटर. एसी बंद. पुण्यात कोथरूडच्या टेकडीवर असलेली एआरएआय ही संस्था १९६६ सालची, आणि तिच्या नावावरून आपण सगळे त्या आकड्याला "एआरएआय मायलेज" म्हणतो.

आता प्रश्न असा की जागेवर फिरणाऱ्या गाडीला वारा कुठून लागणार? खऱ्या रस्त्यावर इंजिनाला दोन गोष्टींशी झगडावं लागतं. एक, टायर. टायर खाली दबतो, सुटतो, पुन्हा दबतो आणि त्यात ऊर्जा खातो. बेअरिंग, ब्रेकचं हलकं घासणं वगैरेही याच गटात धरा. दोन, हवा. सायकलवर उलट्या वाऱ्यात वर्धा रोडने कोणी गेलं असेल तर त्याला वेगळं समजवायला नको. या सगळ्या विरोधाची बेरीज म्हणजे रोड लोड. सूत्र साधं आहे:

विरोध = क + ख × वेग + ग × वेगाचा वर्ग

"क" मुख्यतः टायरचा, "ग" मुख्यतः हवेचा, आणि "ख" मध्ये उरलंसुरलं. हे तीन आकडे रोलरच्या कंप्युटरला द्यायचे, मग रोलर तेवढा विरोध करतो आणि गाडीला वाटतं आपण रस्त्यावर आहोत.

इथेच माझी ट्यूब पेटली. मी समजत होतो की रोलर सगळं मोजतो. रोलर इंधन आणि धूर मोजायच्या कामाचा, पण रस्त्याचा विरोध तो मोजत नाही, तो आपण त्याला सांगायचा असतो. आपल्या भाषेत सांगायचं तर रोड लोड ही कॉन्फिग फाइल आहे. प्रोग्राम कितीही निर्दोष असो, कॉन्फिगमध्ये विरोध पाच टक्के कमी लिहिला तर मायलेज जास्तच येणार. आणि प्रोग्रामला त्याचा पत्ताही लागणार नाही.

मग हे क, ख, ग काढायचे कसे? रीती चार आहेत.

पहिली आणि सगळ्यात जुनी म्हणजे कोस्टडाउन. सपाट, सरळ ट्रॅकवर गाडी वेगात न्यायची, न्यूट्रल करायची आणि सोडून द्यायची. वेग कसा कसा उतरतो ते मोजायचं. गाडीचं वजन माहीत असेल तर वेग उतरण्याच्या दरावरून विरोध निघतो. न्यूटनचा दुसरा नियम, अकरावीचा. याच कामासाठी लांबलचक ट्रॅक बांधतात. इंदूरजवळ पिथमपूरला नॅट्रॅक्सचा ११.३ किलोमीटरचा हायस्पीड ट्रॅक २०२१ मध्ये सुरू झाला. आपल्या महाराष्ट्रात अहिल्यानगरला, म्हणजे तेव्हाच्या अहमदनगरला, डीआरडीओच्या व्हीआरडीईकडे चाचणीचे ट्रॅक आहेत.

दुसरी रीत टॉर्क मीटरची. चाकांवर टॉर्क मोजणारी यंत्रं बसवायची, गाडी ठरावीक वेगाने चालवायची, आणि तो वेग टिकवायला चाकाला किती जोर लागतो ते थेट वाचायचं. यात वजनाचा आणि फिरणाऱ्या भागांच्या जडत्वाचा अंदाज लागत नाही, हा मोठा फायदा. पण यंत्रं महाग, त्यांचं कॅलिब्रेशन नाजूक, आणि वाऱ्याचा त्रास इथेही आहेच.

तिसरी रीत विंड टनेलची. हवेचा विरोध बोगद्यात मोजायचा, टायरचा विरोध पट्ट्यावर किंवा रोलरवर मोजायचा, आणि दोन्ही मिळवायचे. पाऊस नको, वारा नको, रविवारची पहाट नको. आज मोजलं तेच उद्या येईल.

चौथी रीत म्हणजे सरळ तक्ता. गाडी इतक्या वजनाची, म्हणजे विरोध इतका. मोजायचंच नाही. हे आकडे मुद्दाम जरा चढे ठेवलेले असतात, म्हणजे मोजायचा कंटाळा करणाऱ्याला फायदा व्हायला नको. लग्नात माणशी अंदाजाने स्वयंपाक सांगतात, तसं.

वाचताना कोणालाही वाटेल की तिसरी रीत सर्वोत्तम. स्वच्छ, शास्त्रीय, वातानुकूलित. मलाही तसंच वाटलं. मग मी जपानचं प्रकरण वाचलं.

२० एप्रिल २०१६ ला मित्सुबिशीने जाहीर केलं की त्यांच्या छोट्या गाड्यांच्या मायलेजमध्ये गडबड आहे. सुमारे ६ लाख २५ हजार गाड्या, त्यातल्या बऱ्याचशा निस्सानच्या नावाने विकलेल्या. गडबड इंजिनात नव्हती, याच रोड लोडच्या आकड्यांत होती. शिवाय १९९१ पासून ते जपानी कायद्यातल्या कोस्टडाउनऐवजी दुसऱ्याच पद्धतीने मोजत होते. पंचवीस वर्षं! आणि हे उघडकीला आलं ते निस्सानने स्वतः मोजून पाहिलं आणि आकडे जुळले नाहीत म्हणून.

मग महिनाभरात सुझुकीचं निघालं. हे जास्त विचार करण्यासारखं आहे. सुझुकीचा सागारा इथला ट्रॅक समुद्राजवळ, उंचावर. वारा फार. कोस्टडाउनला हवी तशी शांत हवा मिळेना. म्हणून त्यांनी टायर, ब्रेक, गिअरबॉक्स यांचे वेगवेगळे मोजलेले विरोध आणि विंड टनेलचा आकडा यांची बेरीज केली. १६ मॉडेलं, सुमारे २१ लाख गाड्या. (हे जपानातल्या विक्रीबद्दल होतं. आपल्या दारातल्या गाडीशी उगाच संबंध जोडू नका.) नंतर कंपनीने नियमाप्रमाणे पुन्हा मोजलं आणि सांगितलं की जाहीर केलेलं मायलेज बदलायची गरज नाही.

म्हणजे उत्तर बरोबर, रीत चुकीची. मग चूक झाली का?

माझ्या मित्राचं म्हणणं, "काहून बे, उत्तर तर बरोबर आलं ना!" माझं म्हणणं, चूक झाली. सॉफ्टवेअरवाल्यांना हे पटकन कळेल. प्रत्येक मॉड्यूलची टेस्ट पास झाली म्हणजे सगळी सिस्टीम चालेलच असं नसतं. सुटा टायर आणि सुटी हवा मोजताना त्यांचं एकमेकांशी काय होतं ते निसटू शकतं. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे बाकीचे स्पर्धक वाऱ्याला शिव्या देत ट्रॅकवर मोजत असताना एकाने बोगद्यात मोजलं, तर दोन आकडे एकाच रांगेत ठेवता येत नाहीत. मायलेजच्या आकड्याचा उपयोग तुलना करण्यासाठीच तर असतो.

पण म्हणून कोस्टडाउन पवित्र आहे असंही नाही. अमेरिकेत नोव्हेंबर २०१२ मध्ये ह्युंदाई आणि किआला सुमारे नऊ लाख गाड्यांवरचे मायलेजचे आकडे खाली आणावे लागले. २०१४ मध्ये १० कोटी डॉलर दंडावर प्रकरण मिटलं. तिथे रीत कोस्टडाउनचीच होती. अमेरिकी सरकारचा आरोप असा की सोयीच्या तापमानात चाचण्या घेतल्या, टायर खास तयार केले, आणि पाठीवर वारा असतानाचे आकडे वापरले.

पाठीवर वारा! हे वाचून मी ठरवलं की स्वतः मोजून पाहायचं. वारा आणि उतार इतका फरक पाडतात का?

पहिला रविवार वाया गेला. स्पीडोमीटर बघून स्टॉपवॉच दाबत होतो. स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा थोडा जास्तच दाखवतो हे विसरलो होतो. शिवाय आम्ही पोचलो उशिरा, ऊन वर आलं आणि वारा सुटला. साडेआठला तर्री पोहे खाऊन घरी.

दुसऱ्या रविवारी शहाणपणा केला. वेग फोनच्या जीपीएसवरून नोंदवला. उजाडता उजाडता पोचलो. वारा जवळपास नाही. दहा किलोमीटर गाडी चालवून टायर आणि गिअरबॉक्स गरम केले. ७० पर्यंत न्यायचं, न्यूट्रल, आणि ६५ वरून ५५ वर यायला किती सेकंद लागतात ते बघायचं. (इंजिन चालूच ठेवायचं. बंद केलं तर ब्रेक आणि स्टिअरिंग जड होतात. आणि मागेपुढे कोणी असेल तर हा उद्योग करायचाच नाही.) सहा वेळा जाताना, सहा वेळा येताना. जातानाची सरासरी १६.३ सेकंद. येतानाची १०.४.

दोघेही चक्रावलो. रस्ता तर कॅरमबोर्डासारखा सपाट दिसत होता. मग हिशेब केला. गाडी, आम्ही दोघं आणि पेट्रोल मिळून साधारण हजार किलो. शंभर मीटरला अर्धा मीटर उतार असेल, जो डोळ्याला दिसणारही नाही, तरी तो ४९ न्यूटनने ढकलतो किंवा ओढतो. आणि या गाडीचा ६० च्या वेगाला सगळा विरोध मिळून सव्वादोनशेच्या आसपास. म्हणजे न दिसणारा उतार पाचवा हिस्सा खाऊन जातो. म्हणूनच नियम म्हणतात, दोन्ही दिशांना मोजा.

घरी येऊन एक्सेल उघडलं. १६.३ आणि १०.४ ची सरासरी १३.३५ सेकंद. त्यावरून विरोध २१४ न्यूटन. झालं! बाबांना दाखवायला निघालो, आणि जिन्यातच पाय अडखळला.

एक जुनं कोडं आठवतंय का? जाताना ताशी ४०, येताना ताशी ६०, सरासरी वेग किती? घाईघाईत सगळे ५० म्हणतात. उत्तर ४८. इथेही तेच होतं. मला सरासरी हवी होती विरोधाची, आणि मी काढली वेळेची. १६.३ सेकंद म्हणजे सुमारे १७५ न्यूटन, १०.४ म्हणजे सुमारे २७५. यांची सरासरी २२५. मी काढलेले २१४. म्हणजे कसलीही लबाडी न करता, फक्त सरासरी चुकीच्या गोष्टीची काढून, मी माझ्या गाडीला ११ न्यूटन फुकट बक्षीस दिले होते. जवळपास पाच टक्के.

आता गंमत ऐका. ही चूक फक्त माझी नाही. जुन्या युरोपीय नियमात दोन दिशांच्या वेळांची साधी सरासरीच काढायला सांगितलेली होती. नंतर आलेल्या डब्ल्यूएलटीपी या नव्या पद्धतीत ती बदलून हार्मोनिक सरासरी केली. आणि साध्या सरासरीची चूक नेहमी एकाच बाजूला जाते, विरोध कमी दाखवण्याच्या. उतार जेवढा जास्त तेवढा फायदा जास्त. जुन्या नियमात दीड टक्क्यापर्यंतचा, सारखा असलेला उतार चालत होता. म्हणजे नियमात राहूनही योग्य ट्रॅक निवडला तर बक्षीस मिळत होतं.

वाऱ्याचं उलटं. समजा गाडी सेकंदाला १५ मीटर वेगाने चाललीय, ताशी ५४. वारा सेकंदाला ३ मीटर, म्हणजे झुळूकच. जाताना हवा लागते १८ ची, येताना १२ ची. विरोध वर्गाने वाढतो, म्हणून ३२४ आणि १४४, सरासरी २३४. वारा नसता तर २२५. दोन्ही दिशांना मोजूनही चार टक्के उरलेच, आणि हे गाडीच्या विरुद्ध. म्हणून नियमात वाऱ्याची सरासरी ३ मीटरच्या आत, झोत ५ च्या आत, आडवा वारा २ च्या आत, अशी मापं दिलेली होती. पाठीवरच्या वाऱ्याची तेवढीच दिशा उचलली तर काय होईल, ते वरचे आकडे बघून तुम्हीच ठरवा.

आणि आपला नागपूरचा उन्हाळा? मे महिन्यात ४५ डिग्रीला हवा विरळ होते. डिसेंबरच्या १० डिग्रीच्या पहाटेपेक्षा सुमारे १२ टक्के विरळ. ६० च्या वेगाला निम्मा विरोध हवेचा धरला तर एकूण सहा टक्के फरक नुसत्या ऋतूचा. म्हणूनच मोजलेला आकडा २० डिग्री आणि १०० किलोपास्कलला आणून ठेवायची दुरुस्ती नियमात असते. ती दुरुस्ती केली नाही, तर कूलर लावून घामाघूम बसलेल्या नागपूरकराची गाडी कागदावर लोण्यासारखी पळेल.

तिसरा रविवार. या वेळी एकच गोष्ट बदलली. आदल्या संध्याकाळी खामल्याकडच्या पंपावर टायरची हवा तपासली, तर चारही टायरमध्ये २५. दारावरच्या स्टिकरवर ३३ लिहिलेलं. बाबांना कोणीतरी सांगितलं होतं की हवा कमी ठेवली की गाडी मऊ चालते. ३३ भरली. तोच रस्ता, तीच वेळ, तोच जांभया देणारा मित्र. यावेळी सरासरी नीट काढली. २२५ चे २१३ झाले.

बारा न्यूटन. म्हणजे खरोखर काहीतरी सुधारून, टायरला हवा भरून, मला जेवढं मिळालं तेवढंच आदल्या आठवड्यात एक्सेलच्या एका चुकीच्या खान्याने फुकटात दिलं होतं.

माझं मत ठरलं ते इथे. मोजमापाची रीत ही तांत्रिक किरकोळ बाब नाही. रीतीमधली पाच टक्क्यांची ढील आणि इंजिनीअरने वर्षभर राबून कमावलेली पाच टक्क्यांची सुधारणा बाहेरून अगदी एकसारखी दिसतात. टायरचं रबर बदलणारा, बॉडीची रेघ बदलणारा माणूस आणि सोयीचा ट्रॅक निवडणारा माणूस यांना बाजारात सारखेच मार्क. मग राबेल कोण? त्यात आता पणाला लागलेलं काही लहान नाही. आपल्याकडे २०१७-१८ पासून कंपनीच्या सगळ्या कार मिळून सरासरी कार्बन डायऑक्साइड किलोमीटरला सुमारे १३० ग्रॅम आणि २०२२-२३ पासून सुमारे ११३ ग्रॅम अशी मर्यादा आहे. त्या ग्रॅमच्या हिशेबाखाली रोड लोडच आहे. इलेक्ट्रिक गाडीच्या रेंजखालीही तेच तीन आकडे, कारण बॅटरीलाही वारा लागतोच.

कोणी म्हणेल, मग कोस्टडाउन टाकून द्या आणि सगळे बोगद्यात जा. मला हे पटत नाही. बोगद्यातली रीत वाईट नाही, डब्ल्यूएलटीपीमध्येही तिला परवानगी आहे. पण अट अशी की त्या बोगद्याचे आकडे आधी ट्रॅकवरच्या आकड्यांशी जुळवून दाखवायचे. हे योग्य आहे. रोज बोगद्यात मोजा, पण वाद झाला तर निकाल रस्त्यावर. कोस्टडाउनचे दोष ढळढळीत आहेत, आणि तोच तिचा गुण आहे. वारा, उतार, तापमान, टायर, सगळं उघड्यावर. कोणीही जाऊन पुन्हा मोजू शकतो. निस्सानने मोजलं म्हणून तर पंचवीस वर्षांचं बिंग फुटलं. फोन आणि वही घेऊन नागपूरचा एक जावावाला ज्याच्या जवळपास पोचू शकतो, अशी तपासणी मला बंद खोलीतल्या अचूकतेपेक्षा जास्त मोलाची वाटते.

(माझे आकडे फार पवित्र मानू नका बरं का. जुन्या युरोपीय नियमात सरासरीची अचूकता २ टक्क्यांच्या आत येईपर्यंत फेऱ्या मारत राहायला सांगितलं होतं. माझ्या फेऱ्यांमध्ये एकेक सेकंदाचा फरक होता. बारा न्यूटन दिसले, पण काठावर दिसले.)

दुसरी गोष्ट म्हणजे आकड्याबरोबर रीत सांगा. अमेरिकेची ईपीए दरवर्षी चाचणी झालेल्या गाड्यांची यादी सगळ्यांसाठी ठेवते, त्यात प्रत्येक गाडीचे हे तीन आकडे असतात. आपल्याकडे शोरूममध्ये एकच आकडा मिळतो, एकवीस. त्याच्या शेजारी क, ख, ग आणि "कोस्टडाउन, अमुक ट्रॅक" एवढी एक ओळ छापायला काय हरकत आहे? शंभरातल्या नव्व्याण्णव जणांना त्याचं काही नसेल. पण तो एक जण वाचेल, मोजेल आणि बोंब मारेल. बाकीच्या नव्व्याण्णवांचं भलं त्यातच आहे.

असो. बाबांच्या एकवीस आणि पंधराचं काय झालं?

त्यांना सगळं समजावून सांगितलं. रोड लोडमुळे एवढा फरक पडत नाही. फरक मुख्यतः चालवण्याचा. प्रताप नगर ते सीताबर्डी जाताना गाडी ६० वर जातेच कुठे? सिग्नलला थांबा, पुन्हा वेग घ्या, पुन्हा ब्रेक. जो वेग पेट्रोल जाळून कमावला तो ब्रेकमध्ये घालवा. वर एसी. त्या ११८० सेकंदांच्या चाचणीत आपली खामल्याची भाजीबाजारातली गर्दी नाही. आणि हवा भरल्याचा फायदा? पंधराचे फार तर सव्वापंधरा, साडेपंधरा होतील.

बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हणजे पाव किलोमीटरसाठी तीन रविवार पेट्रोल जाळलं तू."

मी गप्प. ते आत गेले आणि डायरी घेऊन आले. "हे बघ." मी आजवर त्या डायरीतले फक्त आकडे बघत आलो होतो. या वेळी समास बघितला. प्रत्येक नोंदीपुढे बारीक अक्षरात काहीतरी. "एसी चालू." "वर्ध्याला जाऊन येऊन." "पाच माणसं, सामान." "उन्हाळा, सगळं गावात." चाळीस किलोमीटरचा स्कूटरचा आकडा असो की पंधराचा गाडीचा, तो कसा आला हे शेजारी लिहिलेलं.

त्यांनी पेन काढलं आणि ताज्या नोंदीपुढे लिहिलं, "हवा ३३. मुलाचे प्रयोग."

त्या टाकीचा अ‍ॅव्हरेज अर्थातच सगळ्यात वाईट आला.